फुईला दिलेला टीबी

अन्याय झाला तो माझ्या फुईवर. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी. पितरांच्या घागरी पुजून झाल्या होत्या, आंब्याचा रस काढून झाला होता, पानं वाढायची तेवढी बाकी होती. करणारे परके नव्हते. माझे मोठे काका, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, माझे वडील, धाकटे काका आणि फुईचा पोटचा मुलगा.

फुई म्हणजे आत्या. वडिलांची मोठी बहीण. तिचं सासर चोपड्याकडे, केळीच्या पट्ट्यात. माहेर, म्हणजे आमचं घर, एरंडोलजवळच्या खेड्यात. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. फुईने साठी ओलांडली होती, पण झोक्यावरचा हक्क सोडला नव्हता. त्या दुपारीही ती झोक्यावर होती. खोकायची, थांबायची, पुन्हा गायची. आणि आत, पुढच्या खोलीत, दार लोटून, चार पुरुष तिच्या छातीचं काय करायचं ते ठरवत बसले होते.

आजार कोणता, हा प्रश्न नव्हता. जळगावच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या होत्या. फुप्फुसातला बारीक तुकडा काढून तपासायला गेला होता आणि कॅन्सर निघाला होता. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला, पण गोळीला दाद देईल असा. रोज एक गोळी, काम करते आहे तोवर घ्यायची, बंद करायची नाही. हे सगळं डॉक्टरांनी फुईच्या मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला सांगितलं. मी त्याला दादा म्हणते. दादाने तिथेच हात जोडले, "आईला सांगू नका." डॉक्टरांनी समजावलं, दादा ऐकेना, बाहेर रांग होती. विषय राहून गेला.

मग आखाजीच्या बैठकीपुढे प्रश्न एवढाच होता, की रोज गोळी द्यायची ती कशाची म्हणून द्यायची. तोडगा आबांनी काढला.

"टीबी सांगा," आबा म्हणाले. "टीबी बरा व्हस. आपला पोस्टमन नही का, सहा महिना गोया खाद्यात, आते बैलना मायक फिरस."

सगळ्यांना पटलं. बाजारात जाऊन चांगलं बियाणं निवडून आणावं, तसा त्यांनी तिच्यासाठी आजार निवडून आणला. बरा होणारा, गावाच्या ओळखीचा, नाव घेतलं तर कोणाच्या तोंडचं पाणी पळत नाही असा. मग दार उघडलं, फुईला आत बोलावून सांगितलं, आणि सगळे रस-पोळी जेवले.

मी तिथे नव्हते. त्या दिवशी मी साक्रीच्या बाजूला होते, एका आरोग्य उपकेंद्राचं कुलूप निघावं म्हणून पत्रकं वाटत. मला हे सगळं पुढे वडिलांनी सांगितलं, तेही बऱ्यापैकी अभिमानाने. आपण बहिणीला जपलं, अशा सुरात. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती, आणि जपण्याचा हिशेब फुईने परस्पर चुकता केला होता.

टीबी काय असतो हे आपल्याकडे शाळा न शिकलेल्या बाईलाही माहीत असतं. भिंतींवर लिहिलेलं असतं, आशाताई सांगत फिरते. फुई चौथी शिकलेली. टीबी खोकल्यातून लागतो हे तिला माहीत होतं. चोपड्याला परत गेल्यावर तिने पहिलं काम केलं ते आपलं ताट, पेला आणि तांब्या वेगळा काढण्याचं. ती भांडी तिने गोठ्याकडच्या कोनाड्यात ठेवली. अंथरूण पडवीत नेलं. पदर नाकावरून खाली येऊ दिला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी अडवलंही नाही, कारण अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

श्रावणात दादाला मुलगी झाली. फुईची पहिली नात. आजीने तान्ह्या बाळाला तेल लावायचं, पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं, नाक दाबून सरळ करायचं आणि आपलं घराणं कसं सरळ नाकाचं म्हणून सुनेला टोमणा मारायचा, ही आमच्याकडची रीत. फुईने गावातल्या निम्म्या पोरांना न्हाऊ घातलं आहे. मलाही. या नातीला न्हाऊ घालायला मात्र बाहेरची बाई ठेवली. फुई पडवीच्या खांबाला टेकून लांबून सूचना करायची. "पानी कडक शे. मान धर नीट. अय, कानमा गयं ना पानी!" बाळ रडलं की ती उठायची आणि परत बसायची.

वहिनीला, दादाच्या बायकोला, सगळं ठाऊक होतं. तिने एकदा नवऱ्याला म्हटलं, "आता तरी सांगा." तो म्हणाला, "आबांना विचारतो." आबांना विचारलं गेलं नाही. आशाताई आली, तिने टीबीची नोंद कुठे आहे विचारलं, तर तिला "बाहेर खाजगीत चालू आहे" म्हणून परत पाठवलं. एका खोट्याला किती खोट्यांचे टेकू लावावे लागतात, ते त्या घरात पाहण्यासारखं होतं.

दिवाळी झाली. सहा महिने पूर्ण झाले. फुईने गोळी बंद केली.

का नाही करणार? पोस्टमनने सहा महिन्यांनीच बंद केली होती. चेहऱ्यावर पुळ्या येत होत्या, नखांच्या कडा सुजत होत्या. ती म्हणायची, गोळी उष्ण पडते. कोर्स झाला, सुटले. तिने कोणाला विचारलं नाही. डबी तशीच फळीवर राहिली आणि घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आजार टीबीचा आहे असं सांगता सांगता घरच्यांनाही तो थोडासा टीबीच वाटायला लागला होता.

लक्षात आलं ते जळगावच्या सिस्टरच्या.

या सिस्टरचं काम नीट सांगायला हवं, कारण बहुतेकांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. ती वॉर्डात सलाईन लावणारी सिस्टर नाही. तिच्या टेबलावर "केस मॅनेजर" अशी पाटी आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरचा माणूस एकदा तिच्याकडे सोपवला, की तो तिचा. त्याची तपासणी कुठे अडली, कोणत्या डॉक्टरकडे कधी जायचं, ताप आला तर काय, दम लागला तर काय, गोळी संपत आली का, घरी कोण बघतं, हे सगळं तिने धरून ठेवायचं. हे काम तिथे पावसाळ्यात सुरू झालं. फुई तिच्याकडे आली तेव्हा गोळी सुरू होऊन काही महिने झाले होते. ठरलेल्या दिवशी ती फोन करायची. फोन दादाचा. दादा बागेत. "बरं आहे सिस्टर, चालू आहे सगळं." दर वेळी हेच. दिवाळीनंतरच्या फोनला सिस्टर म्हणाली, "आज अक्कांना फोन द्या. तुमचं बरं मला पुष्कळ झालं."

फुई फोनवर आली आणि खुशीत म्हणाली, "कोर्स व्हई गया ना बेटा. मी बंद करी दिधी गोई."

"कोणता कोर्स, अक्का?"

"टीबीना!"

सिस्टरने तो शब्द परत एकदा म्हणायला लावला, असं फुई सांगते. मग म्हणाली, "अक्का, उद्या मला भेटायला या. खोकला ऐकायचाय तुमचा."

दादाच्या बागेत केळीची कापणी लागली होती, ट्रक उभा होता. त्याने मला धुळ्याला फोन केला. "तू ने आईला जळगावला. आणि ऐक, कॅन्सर आहे, पण तिला टीबी म्हणून सांगितलंय. तू तोंड उघडू नको." मला कॅन्सर कळला तो या वाक्यात. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या बसस्थानकावर फुई उतरली. नाकावर पदर. मी मिठी मारायला गेले तर हाताने लांब केलं. "दूर ऱ्हाय. पत्रकवाली, तुले काही व्हयनं त बठ्ठा गाव मना नावनं पत्रक काढी." आणि आपल्याच विनोदावर हसली. हसताना खोकला आला, तो पुष्कळ वेळ गेला नाही.

सिस्टरचं टेबल व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या यंत्राशेजारी. चाळिशीतली बाई, आवाज खणखणीत, बोलणं थोडं तिरकस. आम्ही पोचलो तेव्हा एका आजोबांना ती दम लागल्यावर कसं बसायचं ते दाखवत होती. स्वतः टेबलावर कोपरं टेकून, पुढे वाकून. "असं. खांदे सोडा. ओठ चंबू करा, मेणबत्ती विझवल्यासारखं सोडा हवा. आणि आजोबा, खिशातली बिडी माझ्याकडे द्या." "बिडी नही शे." "मग ते खिशात काय आहे, अगरबत्ती?" आजोबांनी बिडी दिली. मध्येच फोन आला, कोणाला तरी सलाईनच्या औषधानंतर ताप चढला होता. तिचा आवाज बदलला. "अंगारा-बिंगारा नंतर. गोळी देऊन झोपवू नका. आत्ताच्या आत्ता निघा, मी आत सांगून ठेवते." फोन ठेवला आणि आमच्याकडे वळली.

फुईला तिने आधी खोकल्याचं विचारलं, मग नखं पाहिली, पुळ्या पाहिल्या. मग सहज विचारल्यासारखं, "घरी कोण कोण आहे, अक्का?"

फुईने मोजलं. शेवटी नातीवर आली. "बारका जीव शे. मी दूरथीन देखस."

"लांबून का?"

"अशी कशी ओ सिस्टर तू? टीबी लागस ना!"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. फुईला पाण्याचा पेला दिला, बाकावर बसवलं आणि मला जिन्याकडे नेलं. तिथे मी माझं भाषण सुरू केलं. रुग्णाचा हक्क, पुरुषांची बैठक, कुटुंबाची दादागिरी. मला सवय आहे, मुद्दे तयार असतात.

"ते पत्रक ठेव बाजूला," ती म्हणाली. "त्यांनी प्रेमानेच केलंय. म्हणून तर निस्तरायला अवघड. आणि माझंही चुकलं. मी मुलाशी बोलत राहिले, पेशंटशी बोललेच नाही. भावाला फोन लाव."

मी लावला. तिने दादाला जे सांगितलं ते मला तंतोतंत आठवतं, कारण त्यात एकही जादा शब्द नव्हता. "मी तुमच्या आईला आज विचारणार आहे, की आजाराबद्दल त्यांना किती जाणून घ्यायचंय. नको म्हणाल्या तर नाही सांगणार. हवं म्हणाल्या तर डॉक्टर खरं सांगतील, मी शेजारी बसेन. खोटं मी बोलणार नाही. तुम्ही समोर असावं असं मला वाटतं. या." दादा म्हणाला, ट्रक उभा आहे. ती म्हणाली, "ट्रक उभा राहील."

तो मोटारसायकलवर आला. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग, डोळे लाल. तोवर फुईने पदराआडून भाकरी-ठेचा खाल्ला होता, मला वेगळ्या कागदावर वाढून.

सिस्टर फुईच्या बाकाशेजारी स्टूल घेऊन बसली. तिने विचारलं ते असं. "अक्का, काही माणसं म्हणतात, माझ्या आजाराचं मला सगळं सांगा. काही म्हणतात, थोडंच सांगा. काही म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. तिन्ही बरोबर. तुमचं काय?"

फुईने दादाकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर बहुतेक सगळं लिहिलेलं होतं. मग ती सिस्टरला म्हणाली, "आजार मना शे ना? मंग माले सांग. बठ्ठं."

डॉक्टर आले. घाई केली नाही, हेही सांगायला हवं. खुर्ची ओढून समोर बसले, कॅन्सर हा शब्द उच्चारला, तो कुठे आहे, गोळी काय करते, काय करू शकत नाही, ते सांगितलं. फुईने बिडी कधी ओढली नाही, मग कसा झाला, हे दादाने विचारलं. न ओढणाऱ्यांनाही होतो, ते म्हणाले. का झाला ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. डॉक्टर उठून गेले. सिस्टर तिथेच राहिली. व्हरांड्यात कोणाचं तरी नाव पुकारत होते.

फुईने एकच विचारलं.

"हाई लागस का कोनले?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "कोणालाच नाही. ताटातून नाही, खोकल्यातून नाही. तुमच्या नातीला तर नाहीच."

मला वाटलं होतं ती रडेल. तिने पदर नाकावरून खाली काढला, मांडीवर ठेवून त्याची घडी घातली आणि दादाकडे वळली.

"पोर मान धराले लागनी," ती म्हणाली. "मान धराले लागनी, आनि मी तिले एकदाव बी न्हावाडं नही. पराई बाई ठेवी तुम्हीन. मी खांबले टेकीसन देखत ऱ्हायनू. तुले दिसत नव्हतं का रे?"

"आई, तू घाबरशील म्हणून..."

"घाबरतू त घाबरतू! जीव मना, घाबरनं बी मनंच. आबानं सांगं आनि तू ऐकं. आबाना छातीमा शे का ते?"

दादा तिच्या पायाशी बसून रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. बऱ्याच वेळाने ठेवला.

मग सिस्टरने गोळीचं समजावलं. हा कोर्स नाही, संपत नाही, बंद करायची नाही, उलटी झाली किंवा पुळ्या वाढल्या तर आधी मला फोन. नखांना काय लावायचं, उन्हात जाताना काय करायचं. पुन्हा तपासणी केव्हा ते डॉक्टरांशी बोलून तिथेच ठरवलं. शेवटी तिने दादाच्या देखत फुईला विचारलं, "फोन कोणाच्या नंबरवर करू?" दादाने जुना मोबाइल घरी पडलाय असं सांगितलं. तो फुईचा झाला.

गोळी बंद होती त्या दिवसांत आत काय झालं, हे पुढच्या तपासणीतही कोणी स्पष्ट सांगू शकलं नाही. झालं असेल. नसेलही. आबांच्या टीबीची किंमत काय पडली, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर चोपड्याकडे गेले, मुक्कामाला राहिले. सकाळी उठले तर फुई न्हाणीच्या दगडावर पाय लांब करून बसलेली, पायांवर नात उताणी, तेलाने चकचकीत. वहिनी शेजारी पाणी घेऊन उभी. गोठ्याकडचा कोनाडा रिकामा होता. फुई बाळाचं नाक चिमटीत धरून म्हणत होती, "हाई नाक तुना मायनं शे. आम्हना घरमा असं नाक नही." वहिनी मान खाली घालून हसत होती आणि डोळे पुसत होती.

तेवढ्यात जुना मोबाइल वाजला. मी उचलून फुईच्या कानाला लावला. सिस्टर होती. रात्रीची गोळी घेतली का, झोप लागली का, मनात काय काय आलं, हे विचारायला तिने मुद्दाम सकाळचा फोन केला होता. खरं कळल्यानंतरची पहिली सकाळ जड जाते, असं ती मला नंतर म्हणाली.

"लिधी गोई, लिधी," फुई ओरडली. "आते नही, बेटा. पोरले न्हावाडी ऱ्हायनू. मंग कर!"

आणि तेलकट बोटाने तिने फोन बंद केला.

पुढच्या आठवड्यात मी गावी वडिलांकडे गेले. ते म्हणाले, "तिला केवढा धक्का बसला असेल." मी म्हणाले, "बसला. बसला आणि ती उठली. तुम्ही तिला उठायची संधीच देत नव्हता." त्यांनी फुईचा नवा नंबर माझ्याकडून लिहून घेतला. आबांनी मात्र ऐकून घेतलं नाही. ते अजून म्हणतात, आम्ही भल्यासाठीच केलं. मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं आहे, कारण आबा एकटे नाहीत. असे आबा घराघरात बसले आहेत, आणि दार लोटलेलं आहे.

फुई आज गोळी घेते आहे. किती काळ घेईल ते सिस्टर सांगत नाही. फुईने विचारलं तेव्हा "मलाही माहीत नाही, पण बदल दिसला की तुम्हालाच आधी सांगेन" असं म्हणाली. फुईला तेवढं पुरलं. त्या सिस्टरकडे माणसं वाढत चालली आहेत आणि टेबल एकच आहे. आम्ही आता त्यावर पत्रक काढतो आहोत, आणि या खेपेला ते फुईने आधी वाचलं. "मोठं शे," म्हणाली. "निम्मं काढी टाक."

म्हणून निम्मंच मागते.

कोणाला घेऊन रुग्णालयात गेलात, तर पहिल्या दिवशी विचारा: आमच्या माणसाची सिस्टर कोण? नेमलेली नसेल तर का नाही, हे विचारत राहा. उत्तर मिळेपर्यंत चौकशीची खिडकी सोडू नका.

आणि त्याआधी, आजच, तुमच्या घरात अशी बैठक बसलेली असेल तर ती मोडा. दार उघडा. अंगणात जा. झोक्यावर बसलेल्या माणसाला विचारा, तुला किती सांगू? आणि तो म्हणेल तेवढं, त्यालाच सांगा.